कॅरॅव्हॅनची जागा रद्द केली तर पैसे किती परत येतात?

शनिवारी सकाळी निघायचं असतं आणि शुक्रवारी दुपारी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट येतो. मुंबईकराला पावसाचं काही नवल नाही, पण मुक्काम पवना धरणाच्या काठी आहे, गाडी म्हणजे चाकांवरचं घर आहे आणि मागच्या सीटवर आजी-आजोबा आहेत. जायचं की नाही यावर घरात एकमत व्हायच्या आत दुसरा प्रश्न येतो: भरलेल्या पैशांचं काय? मग कुणीतरी व्हाउचर उघडतं. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘चेक-इनच्या ७२ तास आधीपर्यंत रद्द केल्यास ५० टक्के परतावा.’

ओळ साधी दिसते, पण भांडणं सगळी तिच्याच पोटात असतात. ५० टक्के कशाचे, भाड्याचे की भरलेल्या अ‍ॅडव्हान्सचे? ७२ तास कुठून मोजायचे? परतावा म्हणजे खात्यात पैसे की पुढच्या वेळी वापरायची क्रेडिट नोट? आणि रद्द नक्की कोण करतंय, तुम्ही, जागामालक की जिल्हाधिकारी? ही उत्तरं पैसे भरण्याआधी मिळाली, तर पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

बुकिंग एक नसतं

हॉटेलची खोली रद्द करणं आणि कॅरॅव्हॅनची सहल रद्द करणं यात मोठा फरक आहे. कॅरॅव्हॅनच्या सहलीत बहुतेक वेळा दोन वेगळे करार असतात. गाडी एकाकडून भाड्याने घेतलेली असते आणि ती रात्री उभी करायची जागा दुसऱ्याची असते. मध्ये एखादं अ‍ॅप किंवा वेबसाइट असेल तर तिचं शुल्क आणि तिच्या अटी तिसऱ्या. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातही कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन पार्क या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत.

याचा परिणाम असा. गाडी कळंबोलीला बंद पडली आणि तुम्ही पोहोचलाच नाहीत, तर गाडीवाला त्या दिवसाचं भाडं परत देईल. जागामालक मात्र म्हणेल, ‘आमची जागा रिकामी होती, तुम्ही आला नाहीत.’ याला ‘नो-शो’ म्हणतात आणि नो-शोला बहुतेक ठिकाणी एक रुपयाही परत मिळत नाही. उलटही होतं. जागामालकाने बुकिंग रद्द करून पूर्ण पैसे परत दिले, तरी गाडीचं भाडं चालूच राहतं, कारण गाडीवाल्याने काही रद्द केलेलं नसतं.

म्हणून गाडी घेताना लेखी विचारा: गाडी बिघडल्यामुळे मुक्काम बुडाला तर जागेचं भाडं तुम्ही भरून देणार का? बरेच जण नाही म्हणतील. पण पर्यायी गाडी किती तासांत देणार, हे तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेता येतं. दुसरं, दोन्ही बुकिंगच्या मुदती शेजारी शेजारी मांडा. गाडीची मुदत बहुधा आधी संपते, कारण गाड्या मोजक्या असतात आणि अटी दिवसांत असतात, तर जागेच्या अटी तासांत. दोन्हींपैकी जी आधी संपते, तिच्या आदल्या दिवशीचा अलार्म मोबाइलवर लावून ठेवा. जायचं की नाही याचा निर्णय त्या दिवशी घ्यायचा, शुक्रवारी दुपारी नाही.

अलिबागच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, खराब हवामानात रद्द झाली, तर रो-रोच्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. पण जागामालक म्हणू शकतो की पनवेल-पेण-वडखळचा रस्ता उघडा होता, गाडी रस्त्याने आणता आली असती. आणि यात तो चुकीचा नाही.

टक्के कशाचे?

आकडे घेऊन पाहू. समजा जागेचं भाडं रात्रीला ४,००० रुपये, दोन रात्री, म्हणजे ८,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी ४०० रुपये. कराच्या भाषेत कॅम्पसाइटही हॉटेलच्याच गटात मोडते, आणि दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या मुक्कामावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. वर अ‍ॅपचं सुविधा शुल्क २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे २३६. एकूण भरले ८,६३६ रुपये.

आता ५० टक्के परताव्याच्या मुदतीत रद्द केलं. हातात किती येतील? भाड्याचे अर्धे ४,००० आणि त्यावरचा कर २००, एकूण ४,२००. अ‍ॅपचे २३६ रुपये बहुधा गेलेच. म्हणजे पन्नास टक्के म्हटलं तरी प्रत्यक्षात साधारण साडेअठ्ठेचाळीस टक्के. हा फरक चालण्यासारखा आहे. खटकायला हवं ते वेगळंच: काही जागामालक ४,००० देतात आणि ‘जीएसटी सरकारजमा झाला, तो परत मिळत नाही’ असं सांगतात. हे बरोबर नाही. ठेवून घेतलेल्या ४,००० वर कर लागतो, कारण ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाप्रमाणे रद्द करण्याच्या शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने जीएसटी असतो. पण परत दिलेल्या ४,००० वरचा कर ग्राहकाचा आहे आणि मालकाला तो आपल्या हिशेबात वळता करून घेण्याची सोय कायद्यात आहे.

मालकाने जीएसटी घेतला असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा, आणि महाराष्ट्रातला नोंदणी क्रमांक २७ ने सुरू होतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणीची सक्ती नसते, पण मग त्याला ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचाही हक्क नसतो. धरणाकाठच्या अनेक छोट्या जागा या गटात येतात. अशी जागा अ‍ॅपवरून बुक केली तर कर अ‍ॅपने भरायचा असतो, त्यामुळे अ‍ॅपच्या बिलावर तो दिसला तर दचकू नका.

खरा घोळ अ‍ॅडव्हान्समध्ये होतो. वरच्याच उदाहरणात, थेट मालकाकडे बुकिंग करून ८,४०० पैकी फक्त ३० टक्के, म्हणजे २,५२० रुपये भरले असं धरा. अट आहे ‘५० टक्के कॅन्सलेशन चार्ज’. तुम्ही समजता, अर्धे म्हणजे १,२६० परत येतील. मालक समजतो, एकूण रकमेच्या अर्धे म्हणजे ४,२०० मी ठेवू शकतो, माझ्याकडे तर २,५२० च आहेत, तेव्हा परत काहीच नाही. दोघंही त्याच ओळीवर बोट ठेवून भांडतात. पैसे पाठवण्याआधी एक वाक्य लिहून घ्या: ‘रद्द केल्यास कपात भरलेल्या रकमेवर होईल की एकूण रकमेवर?’ उत्तर काहीही असो, ते लिखित हवं.

घड्याळ कुणाचं?

चेक-इन शनिवारी दुपारी १ ला असेल तर ७२ तासांची मुदत बुधवारी दुपारी १ ला संपते. पण अट ‘तीन दिवस आधी’ अशी असेल तर? मग काही जण बुधवारची मध्यरात्र धरतात, काही जण चेक-इनचा दिवस सोडून तीन पूर्ण दिवस मोजतात, म्हणजे मंगळवारची मध्यरात्र. बुधवारी दुपारी चारला रद्द करणारा माणूस तासांच्या हिशेबात उशिरा आलेला असतो आणि दिवसांच्या एका हिशेबात वेळेत. वाद नको असेल तर दोन्ही हिशेबांत बसेल अशा वेळी रद्द करा. एक दिवस आधी निर्णय घेणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

फोनवर रद्द करू नका, निदान फक्त फोनवर तरी नको. अ‍ॅपमध्ये बटण असेल तर तेच दाबा, कारण वेळेची नोंद तिथे होते. अ‍ॅप नसेल तर ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा आणि त्यात बुकिंग क्रमांक, तारीख, वेळ लिहा. काही जागांच्या अटींत ‘संध्याकाळी ६ नंतर आलेली विनंती दुसऱ्या दिवशीची धरली जाईल’ अशी ओळ असते, तीही आधीच पाहून ठेवा.

तारीख पुढे ढकलणं हा सोयीचा मार्ग वाटतो आणि अनेकदा असतोही, पण त्यात दोन छुपे खड्डे आहेत. एक, तारीख बदलली की अनेक ठिकाणी बुकिंग परताव्याच्या बाहेर जातं, नंतर रद्द केलं तर शून्य. दोन, नवी तारीख लाँग वीकेंडला किंवा ३१ डिसेंबरला येत असेल तर भाड्यातला फरक भरावा लागतो. मुदतीच्या आत असाल आणि पुढची तारीख नक्की नसेल, तर सरळ रद्द करून पैसे घ्या.

पाऊस, घाट आणि सरकारी आदेश

रद्द कोण करतंय यावर सगळं फिरतं. जागामालकाने रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत मिळायला हवी, आणि तीही पैशांतच. तुम्ही रद्द केलं तर छापील अटींप्रमाणे. अवघड प्रकरण मधलं, जिथे दोघांनीही काही केलेलं नसतं.

हवामान खात्याचा इशारा म्हणजे बंदी नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ ‘अतिमुसळधार’, आणि २०४.५ च्या वर ‘अत्यंत मुसळधार’ गणला जातो. यापैकी कुठल्याही आकड्याने बुकिंग आपोआप रद्द होत नाही. जागा उघडी असेल आणि तुम्ही घाबरून गेला नाहीत, तर कायद्याच्या नजरेत रद्द तुम्ही केलं. हे कटू वाटेल, पण म्हणूनच जून ते सप्टेंबरचं बुकिंग करताना ‘रेड अलर्ट असेल तर तारीख मोफत बदलून मिळेल’ असं लिहून मागा. ज्यांचं पोट मावळात पावसाळ्यावरच आहे असे जागामालक हे मान्य करतात, कारण नंतरच्या वाईट शेऱ्यापेक्षा त्यांनाही ते परवडतं.

प्रशासनाचा आदेश ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंधांचे आदेश निघाले. असे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. १ जुलै २०२४ च्या आधी ते जमावबंदीच्या जुन्या कलम १४४ खाली निघायचे. तुमची जागाच त्या आदेशात बंद असेल, तर सेवा देणं मालकाला बेकायदा ठरतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५६ सांगतं की करार झाल्यावर तो पाळणं अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार संपतो, आणि कलम ६५ सांगतं की अशा करारातून ज्याला फायदा मिळाला त्याने तो परत करावा. सरळ भाषेत, अ‍ॅडव्हान्स परत. अटींमध्ये ‘नैसर्गिक आपत्तीत फक्त क्रेडिट नोट’ असं लिहिलेलं असेल तर वाद होऊ शकतो, म्हणून आदेशाची प्रत जपून ठेवा. ती जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत समाजमाध्यम खात्यावर मिळते. आदेश नीट वाचा मात्र: बंदी धबधब्यापासून काही अंतरापर्यंत आहे की पूर्ण गावाला, सूर्यास्तानंतर आहे की दिवसभर, यावर तुमचा दावा टिकतो किंवा पडतो.

भंडारदऱ्याकडे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी गर्दी होते. तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे आणि अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा वनविभाग ठरवतो. काजवे पाहायला आत सोडलं नाही म्हणून मुक्कामाचे पैसे परत मिळत नाहीत, जोवर जागामालकाने ‘काजवा सफारीसह’ असं पॅकेज विकलेलं नसेल.

घाट बंद झाला आणि जागा उघडी राहिली तर? माळशेजला दरड कोसळली की हे हमखास होतं. इथे पूर्ण परतावा मागण्यात फारसा दम नसतो, तारीख बदलून मागण्यात असतो. वाहतूक पोलिसांच्या सूचनेचा स्क्रीनशॉट पाठवा आणि चेक-इनच्या वेळेआधी कळवा. वेळ टळून गेल्यावर तेच कारण ‘नो-शो’ होतं.

मालकाची बाजू, आणि तिची मर्यादा

कॅरॅव्हॅनच्या जागा चार-सहाच असतात. शुक्रवारी रात्री एक रिकामी झाली तर ती रात्र पुन्हा विकता येत नाही. बार्बेक्यूचं चिकन आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असतं, वाढपी बोलावलेले असतात. त्यामुळे शेवटच्या क्षणी रद्द करणाऱ्याचे पैसे कापणं मुळातच अन्याय्य नाही. स्वस्त दराच्या बदल्यात ‘नॉन-रिफंडेबल’ बुकिंग विकणंही चुकीचं नाही, फक्त पैसे भरण्याआधी ते ठळक दिसलं पाहिजे.

पण कापायलाही मोजमाप आहे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती ‘वाजवी’ भरपाई, आणि तो आकडा ही तिची वरची मर्यादा असते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिथे नुकसान सिद्ध करता येतं तिथे ते सिद्ध करावं, असं म्हटलं आहे. तुम्ही वीस दिवस आधी रद्द केलं आणि मालकाने तीच जागा दुसऱ्याला पूर्ण दराने दिली, तर त्याचं नुकसान ते काय? अ‍ॅपवर त्या तारखांना जागा ‘भरली’ दिसते का हे पाहून स्क्रीनशॉट घ्या. वाटाघाटीत याचं वजन बऱ्यापैकी पडतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ अशी व्याख्याच आहे आणि झालेल्या नुकसानीच्या प्रमाणाबाहेरचा दंड तिच्यात बसतो. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या कामाचा एक नियम आहे: कंपनी स्वतः एकतर्फी रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, ते तिने ग्राहकाकडून रद्द करण्यासाठी घ्यायचं नाही. म्हणजे ‘तुम्ही रद्द केलं तर १०० टक्के गेले, आम्ही रद्द केलं तर फक्त मूळ रक्कम परत’ अशा एकतर्फी अटीला या नियमाचा धक्का लागतो. बुकिंग करताना आधीच टिक केलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, ‘फक्त १ जागा शिल्लक’ ही खोटी घाई, हे सगळं नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी नोंदवलेलं आहे. असे १३ प्रकार तिथे दिले आहेत.

विम्याचं एक सांगायला हवं. सहल रद्द झाल्याचं संरक्षण देणारी पॉलिसी ठरावीक कारणांनाच पैसे देते, जसं की रुग्णालयात भरती किंवा घरातला मृत्यू. मन बदललं किंवा पाऊस पडला, याला नाही.

जागा सांगितल्यासारखी नसेल तर

कॅरॅव्हॅनवाल्यांचं सगळ्यात जास्त वाजतं ते इथे. अनेक जागा तंबूंसाठी तयार केलेल्या असतात आणि जाहिरातीत ‘कॅरॅव्हॅन-फ्रेंडली’ हा शब्द नंतर चिकटवलेला असतो. पोहोचल्यावर कळतं की शेवटचा दोनशे मीटरचा रस्ता मातीचा आणि चढाचा आहे, वळणावर विजेची तार खाली लोंबते आहे, गाडीच्या एसीला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं तर तिथे झाडाला टांगलेला ५ अँपिअरचा बोर्ड आहे, आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय म्हणून कुणीतरी शेताकडे बोट दाखवतं.

बुकिंगआधी हेच पाच प्रश्न लिहून पाठवा: रस्त्याची रुंदी आणि चढ, तारेची उंची, १६ अँपिअरचं सॉकेट, पाणी भरायचा नळ, मैला टाकायची सोय. गाडीची लांबी आणि उंचीही सांगा, ती गाडीवाल्याकडे असते. मालकाने ‘हो, सगळं आहे’ लिहिलं की तो कराराचा भाग झाला. नंतर तसं नसेल तर ती सेवेतली त्रुटी, आणि त्रुटी असताना रद्द करण्याची अट लागूच होत नाही, कारण तुम्ही रद्द करत नाही, त्याने दिलेलं नाही.

फक्त एक करा: गाडी आत लावून, चहा घेऊन, एक रात्र काढून मग तक्रार करू नका. फोटो आणि व्हिडिओ काढा, मालकाला तिथूनच लेखी कळवा, तासाभरात सोय होते का विचारा आणि नाहीच झाली तर चेक-इन न करता निघा. राहिलात तर फार तर भाड्यात सूट मागता येते.

परतावा मंजूर झाला, पण खात्यात नाही

ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने ते परत येतात. क्रेडिट कार्डवरून भरले असतील तर परतावा कार्डाच्या खात्यात जमा होतो, पण तोवर आलेलं बिल भरायचं थांबवू नका, नाहीतर व्याज लागतं. ‘रिफंड केला’ असं सांगितलं की तारीख आणि रक्कम विचारा, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा: कार्ड असेल तर एआरएन, यूपीआय असेल तर बारा अंकी आरआरएन. हा क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते कळतं. क्रमांक देता येत नसेल तर बहुधा परतावा निघालेलाच नसतो.

लोक एका गोष्टीत हमखास गल्लत करतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातली पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई ही फसलेल्या व्यवहारासाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोहोचल्याची खातरी झाली नाही अशा वेळी. बुकिंग यशस्वी होऊन नंतर रद्द झालं असेल तर ती भरपाई लागू नाही.

आणि परताव्याच्या नावाखालची फसवणूक. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप उतरवून घ्यावं लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. जागेच्या नावाने सर्च करून मिळालेल्या पहिल्या नंबरवर फोन करण्यापेक्षा व्हाउचरवरचा नंबर वापरा.

परदेशातली जागा असेल तर

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातला कॅरॅव्हॅन पार्क मुंबईतून बुक करणारे आता कमी नाहीत. तिथे मुदत स्थानिक वेळेने मोजली जाते. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे, हे ऐकून निर्धास्त होऊ नका, ठरावीक तारखांच्या मुक्कामाला तो लागू नाही. परतावा आला तरी त्या दिवशीच्या विनिमय दराने येतो आणि बँकेने घेतलेला परकीय चलनाचा आकार सहसा परत मिळत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत मोफत रद्द होणारीच जागा घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

भांडायची वेळ आलीच तर

पहिला निरोप शांत आणि आकड्यांसह असावा. साधारण असा: ‘बुकिंग क्रमांक अमुक, चेक-इन अमुक तारीख. मी अमुक तारखेला अमुक वाजता रद्द केलं. तुमच्या अटीप्रमाणे भरलेल्या ८,४०० पैकी ४,२०० रुपये परत येणं आहे. कपातीचा तपशील आणि परताव्याची तारीख सात दिवसांत लेखी कळवावी. क्रेडिट नोट मला मान्य नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. क्रेडिट नोट गप्प राहून वापरली की ती स्वीकारल्यासारखी होते. घेणारच असाल तर तिची मुदत, ती दुसऱ्याला देता येते का, आणि कुठल्या तारखांना चालत नाही, हे आधी विचारा.

अ‍ॅप असेल तर त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाल. तिथे काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ती कंपनीशी बोलून मध्यस्थी करते, आदेश मात्र देऊ शकत नाही. कार्डने भरले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून वाद नोंदवता येतो, पण त्याला मुदत असते, म्हणून तिकडे उशीर नको. मार्गदर्शन हवं असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था शहरातच आहे.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. जागा मावळात असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मग बोरिवलीकराने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्र्याला आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. एक तांत्रिक गोष्ट: ‘करारच अनुचित आहे, अट रद्द करा’ असा दावा जिल्ह्याकडे नाही, थेट राज्य आयोगाकडे जातो. आठ-दहा हजारांसाठी तो रस्ता कशाला? ‘सेवेत त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या मुद्द्यांवर जिल्हा आयोगातच मांडणी करणं सोपं पडतं.

सोबत जोडायला लागतं ते एवढंच: व्हाउचर, पैसे भरल्याचा पुरावा, बुकिंगच्या दिवशी दिसणाऱ्या अटींचा तारखेसह स्क्रीनशॉट, रद्द केल्याचा निरोप आणि त्यावरचं उत्तर. यातला तिसरा कागद बहुतेकांकडे नसतो, कारण अटींचं पान मालक नंतर बदलतो आणि जुनं पान कुणी जपून ठेवलेलं नसतं. तो स्क्रीनशॉट पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवण्याआधी काढायचा.